समाजकार्याच्या शाळा एकमेकींना काय देतात? वाचकांचे प्रश्न

समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थांच्या आपसांतल्या सहकार्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली सहा निवडून, थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत. इथे ‘शाळा’ म्हणजे महाविद्यालय किंवा विद्यापीठाचा विभाग. जगभर या शिक्षणाची सुरुवात शाळा याच नावाने झाली आणि मुंबईची टाटा संस्थाही १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ म्हणूनच उघडली. म्हणून तोच शब्द ठेवला आहे.

शाळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना एका गाइडमध्ये १९२८, दुसऱ्यात १९२९ आणि तिसऱ्यात १९५६ अशी दिली आहे. परीक्षेत काय लिहायचं? (एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, लातूर)

‘निर्णय पॅरिस, १९२८, स्थापना बर्लिन, १९२९’ असं लिहा. कोणताही परीक्षक गुण कापणार नाही.

जुलै १९२८ मध्ये पॅरिसला समाजकार्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ४२ देशांतून दोन हजार चारशेहून अधिक माणसं जमली होती. ती जमवण्यामागे रने सांड या बेल्जियन डॉक्टरांची खटपट होती. परिषदेतल्या एका विभागाचा विषय होता समाजकार्याचं शिक्षण. शाळांनी एकमेकींच्या संपर्कात राहावं, त्यासाठी कायमची समिती असावी, हे तिथे ठरलं. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये समिती रीतसर उभी राहिली आणि तिथल्या शाळेच्या संस्थापक अ‍ॅलिस सालोमोन पहिल्या अध्यक्ष झाल्या. नाव होतं ‘समाजकार्य शाळांची आंतरराष्ट्रीय समिती’. १९५० च्या दशकाच्या मध्यात ‘समिती’ची ‘संघटना’ झाली. आज आयएएसएसडब्ल्यू म्हणतात ती हीच.

१९५६ चा घोळ वेगळाच आहे. ते साल समाजकार्यकर्त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं, म्हणजे आयएफएसडब्ल्यूचं. तो म्युनिकला स्थापन झाला. तिसरी संस्था आयसीएसडब्ल्यू. ती समाजकल्याण संस्थांची आणि तिचं मूळही पॅरिसच्या त्याच परिषदेत आहे. एक शाळांची, एक कार्यकर्त्यांची, एक संस्थांची, एवढं लक्षात ठेवलं की आद्याक्षरांचा गोंधळ सुटतो. गाइडवाले तिघींना एकाच ओळीत कोंबतात.

शाळांना एकमेकींची गरज का पडली? आमच्याकडे तर शेजारची दोन महाविद्यालयं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. (निवृत्त प्राध्यापक, अमरावती)

प्रेमापोटी कोणीच एकत्र आलं नव्हतं. अडचण होती ती मान्यतेची. अ‍ॅम्स्टरडॅमची शाळा १८९९ मधली, सालोमोन यांची बर्लिनची शाळा १९०८ मधली. दोन दशकांत गावोगावी शाळा निघाल्या, पण अभ्यासक्रम कुठे काही आठवड्यांचा, कुठे दोन वर्षांचा. प्रवेशाची अट प्रत्येकीची वेगळी. नोकरी देणाऱ्या नगरपालिकेला कळेना की कुणाचं प्रमाणपत्र धरायचं. प्रत्येक शाळेने सरकारदरबारी वेगळं जाऊन भागणार नव्हतं. म्हणून सालोमोन यांनी १९१७ मध्ये जर्मनीतल्या महिला समाजकार्य शाळांची परिषद बांधली. जर्मनीतल्या प्रशिया राज्याने १९२० मध्ये कल्याण सेविकांसाठी सरकारी परीक्षा लागू केली, तेव्हा बोलणी करायला शाळांचा एक आवाज तयार होता.

अमेरिकेत १९१९ मध्ये १७ शाळांनी संघटना केली, आणि शाळांची संघटना कशावरून फुटते हेही तिथेच पाहायला मिळतं. या संघटनेने १९३७ मध्ये ठरवलं की १९३९ पासून मान्यता फक्त पदव्युत्तर, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला. मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांना ते परवडणारं होतं. पण ग्रामीण राज्यांतली सरकारी विद्यापीठं पदवीच्या पातळीवर माणसं घडवत होती, कारण मंदीनंतर सार्वजनिक मदत खात्यांना ताबडतोब हजारो कर्मचारी हवे होते. एका ठरावाने ही विद्यापीठं दाराबाहेर गेली. १९४२ मध्ये त्यांनी दुसरी संघटना काढली. नोकरी देणाऱ्यांपुढे पुन्हा तोच प्रश्न आला: कुणाची मान्यता खरी? शेवटी १९५२ मध्ये दोन्ही मोडून समाजकार्य शिक्षणाची एकच परिषद, सीएसडब्ल्यूई, झाली.

बीएसडब्ल्यू (पदवी) खरं की एमएसडब्ल्यू, हा आपल्याकडचा वाद यापेक्षा वेगळा नाही. दर्जा वाढवायचा म्हणून किमान अट वर नेली की सगळ्यात आधी गळतात त्या लहान गावांतल्या शाळा, आणि कामाची गरज नेमकी तिथेच जास्त असते.

बर्लिनला मुलाकडे आलो असता हेलर्सडॉर्फ भागात अ‍ॅलिस सालोमोन यांच्या नावाचं महाविद्यालय पाहिलं. त्यांना देश सोडावा लागला हे खरं का? मग त्यांच्या समितीचं काय झालं? (वाचक, मूळचे सांगलीचे)

खरं आहे. सालोमोन यांचा जन्म १८७२ मध्ये बर्लिनच्या ज्यू कुटुंबातला. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १९०६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, ती स्त्री-पुरुषांच्या असमान वेतनावरच्या प्रबंधासाठी. १९२५ मध्ये शाळेची सूत्रं दुसऱ्यांकडे देऊन त्यांनी स्त्रियांसाठी उच्च शिक्षणाची अकादमी काढली. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. ज्यू सदस्यांना काढा, असा दबाव येणार हे दिसताच त्यांनी ती अकादमीच बंद केली. माणसं काढून संस्था वाचवण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, चौकशीला बोलावून तीन आठवड्यांत देश सोडायला सांगितलं. वय ६५. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं.

समितीच्या दृष्टीने याच १९३७ सालाची दुसरी बाजू महत्त्वाची. रसेल सेज फाउंडेशनच्या मदतीने सालोमोन यांनी देशोदेशींच्या समाजकार्य शाळांची पाहणी केली होती, आणि ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. कोणत्या देशात काय शिकवतात हे एका जागी मांडणारं हे काम समितीच्या ओळखींशिवाय झालंच नसतं. १९३२ ला फ्रँकफर्ट आणि १९३६ ला लंडन अशा परिषदाही झाल्या होत्या. महायुद्धात मात्र सगळं गोठलं. १९४६ मध्ये सांड अध्यक्ष झाले आणि पत्रव्यवहाराचे धागे पुन्हा जुळवावे लागले.

युद्धानंतर बळ आलं ते संयुक्त राष्ट्रसंघाकडून. डिसेंबर १९४६ च्या ठरावाने समाजकल्याणासाठी तज्ज्ञ पाठवणं आणि शिष्यवृत्त्या देणं सुरू झालं. १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने समाजकार्य प्रशिक्षणाचा जागतिक आढावा काढला. त्यामागे कॅथरीन केंडॉल होत्या, आणि पुढे कित्येक वर्षं आंतरराष्ट्रीय संघटनेचा कारभार त्यांनीच सांभाळला.

भारतातलं समाजकार्य शिक्षण म्हणजे अमेरिकेची नक्कल, असं आमचे सर म्हणतात. एवढं सरसकट म्हणता येईल का? (विद्यार्थी, नांदेड)

सर अर्धे बरोबर आहेत.

मुंबईची टाटांची शाळा नागपाडा नेबरहूड हाऊस या वस्तीतल्या केंद्राच्या कामातून उगवली. पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मिशनरी होते, पण गिरण्यांच्या मुंबईत दहा वर्षं वस्तीत काम करून मग त्यांनी शाळा काढली. १९४० पासून संस्थेने स्वतःचं इंग्रजी संशोधन नियतकालिकही सुरू केलं. म्हणजे सुरुवात निव्वळ आयात नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास आणि नंतर शाळा भराभर निघाल्या: काशी विद्यापीठ, दिल्ली, बडोदा, मद्रास, मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन, पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाज सेवा संस्था. डिसेंबर १९५२ मध्ये मद्रासला समाजकार्याची आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. आता प्रश्न आला शिक्षकांचा. एवढ्या शाळांना शिकवणार कोण?

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारत-अमेरिका तांत्रिक सहकार्याखाली अमेरिकन प्राध्यापक इथल्या शाळांत आले आणि इथले शिक्षक तिकडे शिकायला गेले. त्यातून प्रशिक्षित शिक्षक मिळाले, क्षेत्रकार्याच्या, म्हणजे संस्थेत किंवा वस्तीत प्रत्यक्ष काम करत शिकण्याच्या, पर्यवेक्षणाला शिस्त आली, आणि १९६० च्या सुमारास भारतीय शाळांची स्वतःची संघटनाही उभी राहिली. ही जमेची बाजू.

खर्चाची बाजू व्यक्तिसहाय्य कार्याच्या, म्हणजे एकेका माणसाला त्याच्या अडचणीत मदत करण्याच्या विषयाच्या, तासाला दिसते. पुस्तक सांगतं: स्वतंत्र खोली, एकांत, गोपनीयता, अशील (मदत घेणारा माणूस) स्वतःहून आलेला, मुलाखत साधारण तासाभराची, पुढची वेळ ठरलेली. आता जिल्हा रुग्णालयाची ओपीडी डोळ्यांपुढे आणा. समाजसेवा अधीक्षकांचं टेबल औषधाच्या खिडकीशेजारी. रुग्ण बाईबरोबर सासू, दीर आणि कडेवर मूल. बोलते ती सासू. मागे योजनेचे कागद घेऊन रांग उभी, आणि परतीची एसटी साडेतीनची. पुढच्या आठवड्याची वेळ देऊन उपयोग नाही, कारण एक दिवसाची मजुरी बुडवून बाई पुन्हा येणार नाही. इथे एकांत ‘पाळण्या’पेक्षा सासूला संभाषणात घेऊनही सुनेचं म्हणणं कसं काढायचं, हे कौशल्य लागतं. ते पुस्तकात नव्हतं; इथल्या कार्यकर्त्यांनी ते काम करत करत कमावलं आणि फार थोड्यांनी लिहून ठेवलं. आमच्या मते खरी चूक अमेरिकन पुस्तक वर्गात आणण्याची नव्हतीच. इकडच्या नोंदी तिकडच्या वर्गात कधी पोचल्या नाहीत, ही चूक जास्त मोठी.

वाहतूक पुढे थोडी दुतर्फा झाली. टाटा संस्थेच्या विमला नाडकर्णी २०१२ ते २०१६ या काळात आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष होत्या. २०१४ मध्ये मेलबर्नला मंजूर झालेल्या समाजकार्याच्या जागतिक व्याख्येत ‘सामूहिक जबाबदारी’ आणि स्थानिक, पारंपरिक समाजांचं ज्ञान यांना जागा मिळाली, आणि प्रत्येक देशाला किंवा प्रदेशाला तिच्यात भर घालण्याची मुभाही. २००१ ची व्याख्या पाठ केलेल्यांनी नवी शेजारी ठेवून वाचावी; फरक लगेच कळतो.

आठवड्याला दोन दिवस क्षेत्रकार्य हा जागतिक नियम आहे का? मला परदेशात समाजकार्यकर्ती म्हणून नोंदणी करायची आहे, तिकडचे लोक तास विचारतात. (एमएसडब्ल्यू झालेली वाचक, नाशिक)

जागतिक नियम नाही. शाळांची संघटना आणि कार्यकर्त्यांचा महासंघ यांनी २००४ मध्ये अ‍ॅडलेडला शिक्षणाचे जागतिक निकष मंजूर केले आणि २०२० मध्ये ते सुधारले. त्यात क्षेत्रकार्य पुरेसं आणि नीट पर्यवेक्षणाखाली हवं, असं म्हटलं आहे. तासांचा एकच आकडा सगळ्यांवर लादलेला नाही. शिवाय हे निकष दिशादर्शक आहेत, बंधनकारक नाहीत.

आकडे देशोदेशी वेगळे. अमेरिकेत पदवीला किमान ४०० तास, पदव्युत्तरला ९००. इंग्लंडमध्ये दिवस मोजतात: १७० दिवस प्रत्यक्ष प्लेसमेंट, म्हणजे संस्थेतलं क्षेत्रकार्य, आणि ३० दिवस कौशल्य प्रशिक्षण. आपल्याकडे प्रचलित पद्धत आठवड्याला दोन दिवस, म्हणजे साधारण १५ तास. वर्षात ३० आठवडे खरोखर भरले तर ४५० तास, दोन वर्षांचे ९००. वर ग्रामीण शिबिर आणि शेवटची ब्लॉक प्लेसमेंट (एका संस्थेत सलग केलेलं काम) वेगळी. कागदावर आपण कमी नाही. अडचण येते ती पुराव्याची.

महाविद्यालयाकडून गुणपत्रिकेसोबत एक स्वतंत्र पत्र घ्या. त्यात प्रत्येक प्लेसमेंटची संस्था, कामाचा प्रकार, सुरुवात-शेवटची तारीख, एकूण तास, संस्थेतल्या आणि महाविद्यालयातल्या पर्यवेक्षकांची नावं व पात्रता, आणि पर्यवेक्षकांबरोबर वैयक्तिक परिषदा (चर्चा) किती झाल्या, हे सगळं हवं. नुसतं ‘क्षेत्रकार्य समाधानकारक’ लिहून आणू नका, तसं पत्र परत येतं. अभिमुखता भेटी (सुरुवातीच्या ओळखभेटी), अहवाल लिहिण्यात गेलेला वेळ आणि गट परिषद हे तास प्रत्यक्ष कामात मिसळू नका. वेगळ्या ओळीत दाखवा. दोन दिवस गुणिले बावन्न असं गणित करून दोन वर्षांचे १,५०० हून जास्त तास लिहिणारेही आहेत. परीक्षा, दिवाळी, संस्थेच्या सुट्ट्या वजा केल्या नाहीत हे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, आणि मग खऱ्या तासांवरही शंका घेतली जाते.

विद्यार्थिदशेत असणाऱ्यांनी हजेरीपत्रक आणि क्षेत्रकार्य अहवाल स्कॅन करून स्वतःजवळ ठेवावेत. अशिलांची नावं-पत्ते झाकून. महाविद्यालयाच्या रद्दीत ते गेले की परत मिळत नाहीत.

युरोपातल्या एका शाळेशी सामंजस्य करार करण्याचा आमचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी? आधीचा एक करार फोटोपुरताच राहिला. (प्राचार्य, खानदेश)

करार फोटोपुरता राहतो तो बहुतेक वेळा एका कारणाने: दोन्हीकडे एकेकच माणूस त्यात असतो. तो निवृत्त झाला की ईमेलला उत्तर देणारं कोणी नाही. म्हणून मसुद्यात व्यक्तीचं नाव न घालता पद घाला, दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि पहिल्या वर्षाचं एकच ठोस काम लिहा.

आधी काय करायचं नाही ते ठरवा. संयुक्त पदवी किंवा दुहेरी पदवीच्या मागे लागू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार त्यासाठी तुमच्याकडे नॅक मूल्यांकनाचे किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या पहिल्या शंभरात स्थान यांसारखी पात्रता लागते, आणि समोरची संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असावी लागते. संलग्न महाविद्यालयांपैकी फार थोडी यात बसतात. शिक्षक-विद्यार्थ्यांची अल्पकाळाची देवाणघेवाण, संयुक्त ऑनलाइन वर्ग आणि क्षेत्रकार्य पर्यवेक्षणाची कार्यशाळा याला एवढं लागत नाही. विद्यापीठाला लेखी कळवून संमती मात्र घ्या.

मग वेळापत्रक समोरासमोर ठेवा. तिकडच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असतं. तेव्हा तुमचे प्रवेश चालू असतात, क्षेत्रकार्य सुरू झालेलं नसतं आणि पावसाने पाड्यांचे रस्ते बंद असतात. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ मागा. नाही जमलं तर प्रकल्प शहरात ठेवा.

पैशाचं कलम सगळ्यात नीट लिहा. परदेशी विद्यार्थ्यांकडून घेतलेली फी परदेशी देणगीत मोडत नाही, पण त्यांच्या शाळेने ‘संस्थेच्या मदतीसाठी’ पाठवलेली रक्कम मोडते. तिला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतलं खातं लागतं. चांगल्या हेतूने ट्रस्टच्या साध्या खात्यावर आलेल्या देणग्यांनी संस्था अडचणीत येतात. पैसे येण्याआधी सीएचं मत लेखी घ्या. ज्या कामाला क्रेडिट मिळणार त्यासाठी पर्यटक व्हिसावर कोणाला बोलावू नका. पाहुणे वसतिगृहात उतरले की २४ तासांत त्यांची माहिती ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी उतरवून घेणाऱ्याची, हे रेक्टरना आधीच सांगून ठेवा. मुक्काम १८० दिवसांहून जास्त असेल तर नोंदणी वेगळी.

आता प्रत्यक्ष कामाचं. मराठी न येणारी चार मुलं वस्तीत गेली की तुमचे चार विद्यार्थी दिवसभर दुभाषे होतात, आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्रकार्य बुडतं. यावर उपाय म्हणजे जोड्या: एक पाहुणा, एक स्थानिक. दोघांना वेगवेगळी कामं आणि दुभाषेपणाचे तास ठरवून, आठवड्याला चारांपेक्षा जास्त नाहीत. बालगृहात किंवा मुलांबरोबर काम असेल तर फोटो काढायचे नाहीत, हे करारातच घाला. तोंडी सांगितलेलं कोणी पाळत नाही. क्षेत्रकार्य संस्थेला आधी विचारा, तिचा एक प्रतिनिधी बैठकीला बोलवा. बहुतेक करारांत दोन शाळांच्या सह्या असतात आणि काम करायचं असतं तिसऱ्याच संस्थेत, जिला पाहुणे दारात आल्यावर कळतं.

परतफेडीचं प्रमाणही आकड्यात लिहा. ‘परस्पर सहकार्य’ एवढ्यावर थांबलात तर तिकडून दरवर्षी आठ येतील आणि इकडून कोणी जाणार नाही, कारण विमानाचं तिकीट कोण काढणार हे कोणी लिहिलेलं नसतं. चार आले की एक जाईल, तिकीट आणि निवास त्यांचा, असं मागायला संकोच करू नका. प्रवास जमत नसेल तर त्यांच्या शिक्षकांनी तुमच्या वर्गाला वर्षात सहा ऑनलाइन सत्रं द्यावीत आणि तुमच्या शिक्षकांनी त्यांच्या वर्गाला तितकीच.

पहिल्या वर्षी एवढंच करा: दोन्ही शाळांनी आपापल्या क्षेत्रकार्यातल्या पाच-पाच केसनोंदी, ओळख पुसून, एकमेकींना पाठवायच्या आणि दोन्ही वर्गांनी त्या सोडवायच्या. खर्च भाषांतराचा. जिल्हा रुग्णालयातल्या टेबलाची नोंद तिकडच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवा आणि ते सासूचं काय करतात ते पाहा. यासाठी परदेशी शाळाच हवी असंही नाही. अमरावतीच्या प्राध्यापकांनी विचारलेल्या शेजारच्या महाविद्यालयाबरोबर हेच काम भाषांतराशिवाय, पुढच्या सत्रातच सुरू करता येईल.